भाचीला वसतिगृहात बोलीवरून आणि जातीवरून छळले जात आहे. तक्रार कोठे आणि कशी करावी?

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

माझी भाची मूळची कुरखेडा तालुक्यातली. सध्या ती नागपुरात हिंगणा मार्गावरील एका महाविद्यालयात बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि महाविद्यालयाच्याच वसतिगृहात राहते. आमचा समाज गोंड. तिच्या घरात बारावीच्या पुढे शिकणारी ती पहिलीच. तान्ह्या पोळ्याला ती आमच्याकडे मानेवाड्याला आली आणि परत जायची वेळ झाली तेव्हा बॅग न भरता नुसतीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मामाजी, मले तिथं नाही राहाचं."

हळूहळू जे बाहेर आले ते असे. खोलीतल्या दोघी पहिल्या वर्षापासून तिच्या बोलण्याची नक्कल करतात. ती आईशी फोनवर गोंडीत बोलत असताना एकीने ते गुपचूप ध्वनिमुद्रित केले आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. त्याखाली हसण्याची चिन्हे टाकणाऱ्यांची रांग लागली. मेसमध्ये तिला "जंगलातून आलेली" म्हणतात. गेल्या महिन्यात प्रॅक्टिकलला तिच्या हातून द्रावण चुकले, तेव्हा शिक्षकांनी सगळ्या बॅचसमोर "कोट्यातून आलेल्यांकडून आणखी काय अपेक्षा करायची" असे म्हटले. त्या दिवसापासून तिने व्हायवात तोंड उघडलेले नाही.

ती तक्रारीला तयार नाही. शिक्षण सोडून गावी जाते, एवढेच म्हणते. मला तिचे शिक्षण वाचवायचे आहे आणि तिचा मानही. कोणाकडे जावे, काय लिहून द्यावे आणि तिला कसे सांभाळावे, हे ज्यांना अनुभवाने ठाऊक आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शेवंती

मी समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे तक्रारीच्या आधीचे बोलते. ती जेवते का, झोपते का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत तिचे मन लागते का, हे पाहा. जीव नकोसा वाटतो का, हे तिला सरळ आणि शांतपणे विचारा. असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणारे कोणी भेटले की माणूस बोलू लागतो. उत्तर होय आले तर तिला एकटीला ठेवू नका आणि त्याच दिवशी मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मनोविकार विभागात घेऊन जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

"दुर्लक्ष कर", "तू मनाला फार लावून घेतेस" ही दोन वाक्ये घरातील कोणीही उच्चारू नयेत. तिने वर्षभर दुर्लक्षच तर केले आहे.

वैनगंगाकाठ

शेवंतीताई, आपला प्रतिसाद वाचून काल रात्री तिला विचारले. जीवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार नाही, पण झोप लागत नाही आणि वसतिगृहात ती रात्रीचे जेवण टाळते, कारण मेसमध्ये बसावेसे वाटत नाही. सध्या तिला आमच्याकडेच ठेवून घेतले आहे. "दुर्लक्ष कर" हे मीच तिला दिवाळीत सांगितले होते, याचे मला फार वाईट वाटते.

अंबाझरी

मी तीस वर्षे महाविद्यालयात शिकवले आणि आता निवृत्त आहे. माझे मत अनेकांना पटणार नाही, तरीही मांडतो. लेखी तक्रार एकदा दिली की ती परत घेता येत नाही असे समजूनच चालावे. पुढची तीन वर्षे मुलीला त्याच वर्गात बसायचे आहे, सेशनलचे, म्हणजे अंतर्गत परीक्षांचे, गुण त्याच विभागाच्या हातात आहेत आणि खोलीतल्या मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या आहेत. आधी आपण स्वतः प्राचार्यांना भेटा, वसतिगृहाच्या रेक्टरना भेटा, तोंडी सांगा आणि खोली बदलून घ्या. बहुतेक प्रकरणे एवढ्यावर निवळतात. निवळले नाही तर लेखी मार्ग मोकळाच आहे.

मेडिकलचौक

अंबाझरी सर, आपल्या वयाचा आणि अनुभवाचा पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो, कारण हा सल्ला मी स्वतः पाळला आहे.

वसतिगृहात मला ज्येष्ठ विद्यार्थ्यांकडून जवळजवळ सहा महिने त्रास झाला. वडील गोंदियाहून दोनदा आले आणि तोंडी सांगून गेले. दोन्ही वेळा चहा मिळाला, आश्वासन मिळाले आणि त्याच संध्याकाळी त्या मुलांना कळले की अमुक एकाचा बाप येऊन गेला. त्रास दुप्पट झाला. शेवटी मी लेखी तक्रार दिली, तेव्हा मला विचारण्यात आले की एवढे दिवस गप्प का होतास. मी म्हणालो, वडील दोनदा येऊन गेले. उत्तर मिळाले, "आमच्याकडे तशी काही नोंद नाही." ती दोन वाक्ये आजही माझ्या कानांत आहेत. चहा पाजणारे तेच होते आणि नोंद नाही म्हणणारेही तेच होते.

म्हणून सांगतो, तोंडी जरूर बोला, पण हातात कागद घेऊन बोला. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एक आवक विभागात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून हलू नये. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टने आणि महाविद्यालयाच्या ई-मेलवर पाठवावा. पोच मिळाली त्या दिवसापासून माझ्याशी बोलण्याची सर्वांची पद्धत बदलली होती.

निंबाची सावली

मेडिकलचौक यांच्याशी शब्दशः सहमत. माझ्या बहिणीच्या बाबतीत हेच घडले होते.

न्यायमंदिर

नागपूर खंडपीठात आणि जिल्हा न्यायालयात वकिली करते. येथे दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत, ते आधी सुटे करू या.

पहिला प्रश्न खोलीतल्या मुलींचा. रॅगिंग म्हणजे वरच्या वर्गातील मुलांनी नवख्यांना दिलेला त्रास, असा सार्वत्रिक समज आहे आणि महाविद्यालयेही अनेकदा "त्या तिच्याच वर्गातल्या आहेत, हे रॅगिंग कसे?" असे म्हणून हात झटकतात. कायद्यात तसे नाही. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती वाटेल, लाज वाटेल किंवा ओशाळे व्हावे लागेल असे कोणतेही कृत्य त्याच्या व्याख्येत बसते, चिडवणेही बसते. करणारा वरच्या वर्गाचा असावा अशी अट नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांतही 'नवागत किंवा अन्य कोणताही विद्यार्थी' असेच शब्द आहेत, आणि २०१६ च्या दुरुस्तीने तर धर्म, जात, वर्ण, लिंग, रूप, प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख, जन्मस्थान, आर्थिक स्थिती अशा कारणांवरून होणारा छळ स्पष्टपणे त्यात आणला. गोंडीतील संभाषण गटावर टाकून हसणे याहून नेमके उदाहरण मला सुचत नाही.

१९९९ च्या कायद्यानुसार तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखांनी चौकशी केली पाहिजे. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळले तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची असते. यात कसूर करणारा प्रमुख स्वतः रॅगिंगला साहाय्य करणारा मानला जातो. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय विद्यार्थ्याला काढून टाकले जाते आणि पाच वर्षे अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही. मेडिकलचौक यांना पोच मिळताच सर्वांची भाषा का बदलली, त्याचे कारण या सात दिवसांत आहे. पोच नसेल तर सात दिवस कोठून मोजणार?

दुसरा प्रश्न शिक्षकांचा, आणि तो वेगळ्या दारी न्यायचा आहे. आयोगाने २०१२ साली समतेविषयीचे जे विनियम आणले, त्यांत संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभाव प्रतिबंध अधिकारी असावा असे सांगितले आहे. वर्गात विद्यार्थ्याचा 'राखीव प्रवर्गातील' असा उल्लेख करणे आणि कमी कामगिरीचे कारण म्हणून जातीकडे बोट दाखवणारे शेरे मारणे, या दोन्ही गोष्टींना त्यांत भेदभाव म्हटले आहे. धागाकर्त्यांनी लिहिलेले वाक्य या दोहोंत बसते. त्या अर्जावर 'भेदभाव प्रतिबंध अधिकारी' असा उल्लेख हवा, नुसते 'मा. प्राचार्य' लिहिले तर तो अर्ज सामान्य गाऱ्हाण्यांच्या फायलीत जाऊन बसतो.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा विचार करताना जागा महत्त्वाची ठरते. आरोपी या समाजांबाहेरचा असावा लागतो आणि जातीवरून अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. बंद खोलीत, बाहेरचे कोणी नसताना झालेल्या अपमानाला ते कलम लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात म्हटले आहे. मेस आणि प्रॅक्टिकलची बॅच ही मात्र बंद खोली नव्हे. म्हणून कोणती गोष्ट कोठे, कोणासमोर घडली, हे तारखेनिशी लिहून ठेवा. या मार्गाने जायचेच असे मी म्हणत नाही. मार्ग आहे, एवढे मुलीला ठाऊक असावे.

वकिलाचा खर्च ही अडचण मानू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत साहाय्य मिळते. सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे.

महाल

थोडे अवांतर वाटेल, पण मला ते मूळ मुद्द्याचेच वाटते. मी नागपूरचा. नोकरीसाठी पुण्याला गेलो तेव्हा माझ्या 'मले', 'तुले'वरून आणि बोलण्यात येणाऱ्या हिंदीवरून वर्षभर थट्टा झाली. जेवणाच्या सुट्टीत मला मुद्दाम बोलते करायचे आणि मग एकमेकांकडे पाहायचे. किती अपमान वाटत असे ते मी विसरलेलो नाही. तरीही आज हा धागा वाचताना आठवले की महाविद्यालयात असताना गडचिरोलीतल्या सिरोंचाहून आलेल्या एका वर्गमित्राला आम्ही 'नक्षल' अशी हाक मारत असू. तो हसत असे. तो हसत असे म्हणून आम्हाला वाटे की त्याला चालते. दुसऱ्या वर्षानंतर तो परत आला नाही आणि का आला नाही, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही.

झाडीपट्टी

महाल, आपण लिहिलेत म्हणून मीही लिहिते. मी देसाईगंजची. आमची झाडीबोली ही बिघडलेली मराठी नाही. तिला स्वतःचे उच्चार आहेत, स्वतःचे व्याकरण आहे आणि धान कापून झाल्यावर रात्र-रात्र चालणारी नाटके आहेत. गोंडी तर मराठीची बोलीच नाही. ती द्रविड कुळातील स्वतंत्र भाषा आहे. ज्या शहराला गोंड राजा बख्त बुलंद शाहाने वसवले, त्या शहरात गोंडी बोलल्याबद्दल एका मुलीला जेवण सोडावे लागते, हे वाचून डोळ्यांत पाणी आले. धागाकर्ते दादा, तिला माझा निरोप द्या की मीही याच शहरात शिकले. पहिली दोन वर्षे तोंड मिटून काढली आणि तिसऱ्या वर्षी वर्गात उभे राहून, माझ्याच बोलीत, माझा विषय मांडला. तिला वाटले तर ती माझ्याशी केव्हाही बोलू शकते.

कन्हान

मुलांबद्दलही लिहावेसे वाटते. माझ्या धाकट्या भावासोबत वसतिगृहात जे घडले ते लैंगिक स्वरूपाचे होते आणि मुलगा असल्यामुळे तो कोणाला सांगू शकला नाही. अंतर्गत तक्रार समिती केवळ मुलींसाठी असते, असे त्याला वसतिगृहातच सांगण्यात आले. ते खरे आहे का?

न्यायमंदिर

कन्हान, खरे नाही. उच्च शिक्षण संस्थांसाठी आयोगाने २०१५ साली लैंगिक छळाबाबत जे विनियम आणले, त्यांत काही पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात, हे मान्य करून सर्वांच्या बाबतीत ठोस कारवाई करण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. समितीच्या अध्यक्षपदी ज्येष्ठ महिला असते, निम्म्या तरी सदस्य महिला असाव्या लागतात, बाहेरची एक व्यक्ती असते आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरील व्यक्ती तिच्यात बसू शकत नाहीत, आणि हे मुद्दाम ठेवलेले आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हायला हवी. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तक्रारदाराचे पेपर तपासू नयेत, अशी व्यवस्थाही मागता येते. भावाची घटना कधीची आहे, ते मला व्यक्तिगत निरोपातून कळवा.

एक पालक

मी हे लिहावे की नाही, यावर दोन दिवस विचार केला. माझा मुलगा त्रास देणाऱ्यांपैकी एक होता.

प्राचार्यांचा फोन आला तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया "माझा मुलगा असे करणार नाही" हीच होती. दुसरी प्रतिक्रिया अधिक वाईट होती: तक्रार करणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईवडिलांना विनंती करावी, असे मला वाटले. पत्नीने अडवले. महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीपुढे त्या मुलाचा जबाब मला वाचायला मिळाला. रात्री दोन वाजता उठवून अंगणात उभे करणे, घरून आलेला डबा फेकून देणे आणि वडील रिक्षा चालवतात म्हणून हॉर्नचा आवाज काढणे, हे सर्व त्यात होते. मुलाने ते नाकारले नाही. "सगळेच करत होते" म्हणाला.

त्याला वसतिगृहातून काढण्यात आले आणि एक सत्र निलंबित केले. तेव्हा मला शिक्षा फार वाटली होती, आज वाटत नाही. अंबाझरी सर, आपण म्हणता तसे ते प्रकरण तोंडी निवळले असते तर माझ्या मुलाला तो जबाब कधीच वाचावा लागला नसता आणि मलाही नाही. धागाकर्त्यांना एकच विनंती आहे: त्या मुलींचे पालक घरी येऊन हात जोडतील, तेव्हा त्यांना समितीकडे पाठवा, घरी बोलणी करू नका.

अंबाझरी

वरील प्रतिसाद दोनदा वाचला. मी तीस वर्षांत 'निवळलेली' म्हणून जी प्रकरणे मनात मोजत होतो, त्यांतली किती खरोखर निवळली होती आणि किती मुले मुकाट निघून गेली, हे मला आज सांगता येणार नाही. माझा पहिला सल्ला मी मागे घेतो. तोंडी बोलणी करायची तर ती अर्ज दिल्यानंतर.

सेशनलच्या गुणांविषयीची माझी काळजी मात्र कायम आहे, म्हणून त्यावर उपाय सुचवतो. तिने आतापर्यंतच्या सर्व सेशनलचे गुण, जर्नलवरील शेरे आणि हजेरी यांची छायाचित्रे आजच काढून ठेवावीत. पुढे गुण अचानक घसरले तर तुलनेला आधार राहील. तसेच अर्जातच लिहावे की चौकशी संपेपर्यंत तिची प्रॅक्टिकल परीक्षा अन्य शिक्षकांनी घ्यावी. महाविद्यालयात अन्याय झालाच तर २०२३ च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल आहे. मी स्वतः आपल्यासोबत प्राचार्यांकडे यायला तयार आहे. पांढरे केस सोबत असले की आवक विभागात शिक्का लवकर सापडतो, हे मी अनुभवाने सांगतो.

शेवंती

एक गोष्ट राहून जाते आहे. मुलीला काय हवे आहे? सात दिवस, नव्वद दिवस, कैद, दंड हे सर्व आपण बोलत आहोत, पण तिने अजून काहीच मागितलेले नाही. तिच्यासमोर कागद ठेवा आणि "तुला काय झाले म्हणजे परत जावेसे वाटेल?" एवढेच विचारा.

वैनगंगाकाठ

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

शेवंतीताईंचा प्रश्न तिला विचारला. तिने तीन ओळी लिहिल्या: खोली बदलून हवी, ते ध्वनिमुद्रण सर्वांच्या फोनवरून काढायला हवे, आणि सरांनी ज्या बॅचसमोर ते वाक्य म्हटले, त्याच बॅचसमोर ते मागे घ्यावे. कोणाला काढून टाका, असे तिने लिहिले नाही. मी भर घालू पाहत होतो, पण तिने हात धरला.

अर्ज दोन केले, एक रॅगिंगविरोधी समितीला आणि एक भेदभाव प्रतिबंध अधिकाऱ्यांना. त्या ध्वनिमुद्रणाची आणि त्याखालच्या संदेशांची छायाचित्रे जोडली आणि मूळ संदेश फोनवर तसेच ठेवले. अंबाझरी सर खरोखरच सोबत आले. आवक विभागाने आधी "साहेब आल्यावर या" असे सांगितले. सर समोरच्या बाकावर बसले आणि आम्ही थांबतो म्हणाले. वीस मिनिटांनी शिक्का मिळाला. त्याच दुपारी रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनवर, १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर, आम्ही तक्रार नोंदवली.

पाचव्या दिवशी समितीने तिचा जबाब घेतला. झाडीपट्टीताई त्या दिवशी देसाईगंजहून आल्या आणि दाराबाहेर बसून राहिल्या. खोली बदलून मिळाली आहे. त्या दोघींवर समितीचा निर्णय व्हायचा आहे. एकीचे वडील घरी आले होते. 'एक पालक' यांनी लिहिल्याप्रमाणे मी त्यांना पाणी दिले आणि समितीकडे जाण्यास सांगितले. शिक्षकांविषयीची चौकशी अजून चालू आहे आणि तेथे गती कमी आहे, म्हणून काल स्मरणपत्र दिले, तेही पोच घेऊन. प्रॅक्टिकल सध्या दुसऱ्या बाई घेतात. भाची सोमवारपासून वसतिगृहात परतली. रात्री मेसमध्ये जेवते का, हे मी रोज विचारतो. काल म्हणाली की नव्या खोलीतील भंडाऱ्याच्या मुलीसोबत जेवते.

पहिलंवर्ष

मी या संकेतस्थळावर नवीन आहे आणि फक्त या धाग्यासाठी खाते उघडले. माझ्याकडे कोणतेही ध्वनिमुद्रण किंवा संदेश नाहीत. जे बोलले गेले ते फक्त माझ्या दोन मैत्रिणींनी ऐकले आहे आणि त्यांतली एक घाबरते. तरीही अर्ज देता येईल का?

न्यायमंदिर

देता येईल. तुमचा स्वतःचा जबाब हाही पुरावाच असतो आणि ऐकणारी एक मैत्रीण पुरेशी ठरू शकते. घाबरणाऱ्या मैत्रिणीचे नाव आज लिहू नका. तिला वेळ द्या. काय घडले ते आज रात्रीच तारीख, वार, जागा आणि नेमके शब्द यांसह स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवा. उद्या दुपारी दोननंतर मी सिव्हिल लाइन्समध्ये न्यायालयात असेन. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, तो पाहा.

अंबाझरी

अर्ज द्यायला जाताना कळवावे. मी येतो.